पेपरात काय आलं ते विचारू नका, हॉलची किल्ली द्या

एस्पो-हेलसिंकी परिसरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरच्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या शनिवारी दुपारी सव्वादोनला गटावर पहिला मेसेज पडला, "आज कुणाची यूकी होती का? काय काय आलं?" यूकी म्हणजे फिनलंडमधली भाषेची परीक्षा. ती दिलेली माणसं तेव्हा बसस्टॉपवरही पोचली नसतील. संध्याकाळपर्यंत साठेक मेसेज झाले. कुणी आठवेल तसे लेखनाचे विषय टाकले, कुणी बोलण्याच्या भागाची यादी केली, आणि रात्री दहाच्या सुमारास एका उत्साही भावोजींनी त्या सगळ्याची पीडीएफ करून, वर गणपतीचा फोटो लावून ती परत गटावर सोडली. नाव काय दिलं, तर 'अपेक्षित'.

मी साताऱ्याला अकरा वर्षं गणित शिकवलं आहे. अपेक्षित म्हणजे काय हे मला सांगायला नको. 'हा प्रश्न येणारच' म्हणत फळ्यावर चौकटी मीही आखल्या आहेत. तेव्हा हे पत्र शहाणपणा शिकवायला लिहिलेलं नाही. असल्या पीडीएफ पाठ करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते, आणि तोंडावर आपटलेही मीच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या परीक्षेचे प्रश्न गोपनीय असतात, बाहेर सांगायचे नसतात. त्यामुळे माझ्या पेपरात काय आलं होतं ते या पत्रात सापडणार नाही. तेवढ्यासाठीच वाचत असाल तर इथेच थांबा, आणि डाळ-भाताचा कुकर लावा.

जे नवीन आले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. यूलेइनेन किएलितुत्किन्तो, म्हणजे 'सर्वसाधारण भाषापरीक्षा', आपल्या गटाच्या भाषेत वायकेआय आणि इथल्या लोकांच्या तोंडी यूकी. 1994 पासून ती होते आहे. जबाबदारी ओपेतुसहाल्लितुस या शिक्षणखात्याची, आणि प्रश्न काढण्या-तपासण्याचं काम युवास्क्युला विद्यापीठाकडे. फिन्निश, स्वीडिश, उत्तरेकडची सामी धरून नऊ भाषांत ती देता येते. पायऱ्या सहा. आपल्याला हवी असते ती केस्कितासो, म्हणजे मधली पातळी. तिच्यात 3 किंवा 4 मिळतो. नागरिकत्वाला 3 पुरतो. चार भाग असतात : वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं. नावनोंदणी ठरल्या दिवशी सकाळी दहाला उघडते आणि राजधानीच्या भागातल्या जागा बघता बघता संपतात. तत्काळ तिकीट काढलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. मग मिळेल त्या गावी जायचं. निकाल यायला दोनेक महिने.

आता ही धावपळ एवढी का वाढली तेही सगळ्यांना ठाऊक आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नागरिकत्वासाठी राहण्याची अट पाच वर्षांवरून आठ झाली. 2026 च्या जानेवारीपासून कायमच्या परवान्याच्या सर्वसाधारण वाटेवरही भाषेची अट आली. त्या आठवड्यात गटावर जे सुतक पाळलं गेलं ते मी पाहिलं आहे. पण त्या नियमात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. वर्षाला 40,000 युरोंच्या वर पगार असणाऱ्याला वेगळी, जवळची वाट आहे. म्हणजे आपल्या बहुतेक घरांत नवरा त्या वाटेने जाईल, आणि फिन्निश बोलण्याची परीक्षा उरेल ती बायकोला. तिला दिवसभर फिन्निश बोलायला मिळतं कुणाशी, तर लिफ्टमधल्या आरशाशी. यावर पुढे येते.

माझी पहिली परीक्षा कुओपिओला होती. नोव्हेंबर महिना. हेलसिंकीहून चार तासांच्या वर ट्रेन, आदल्या रात्री हॉस्टेलवर मुक्काम. तयारी जय्यत होती. एका ओळखीच्यांकडून 'हमखास पास' छापाची शिकवणी लावली होती. त्यांनी मताचे बारा निबंध दिले होते : पर्यावरण, मोबाइल, आरोग्य, सार्वजनिक वाहतूक, असे. बाराही मी पाठ केले, अगदी रामरक्षेसारखे. कुठल्याही विषयाला जोडता येतील अशा आठ सुरुवाती आणि सहा शेवट. मधे विषयाचं नाव घालायचं.

वाचन छान गेलं, लेखनही ठीक. मग बोलण्याचा भाग. ज्यांनी दिला नाही त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून सांगते. मधल्या पातळीला समोर माणूस नसतो. भाषेची प्रयोगशाळा असते, काचेच्या नाहीतर लाकडी आडोशांची रांग. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. एक आवाज प्रसंग सांगतो, विचार करायला काही सेकंद देतो, मग टूंऽऽ असा आवाज, आणि खोलीतले सगळेच्या सगळे एकदम बोलायला लागतात. डावीकडे जाड आवाजातली रशियन धाटणीची फिन्निश, मागे कुणी व्हिएतनामी मुलगी भराभर बोलते आहे, आणि मध्ये मी. आळंदीला एकाच मांडवात चार कीर्तनं लागावीत तसं. पाठ केलेला निबंध मी सुरू केला. तिसऱ्या वाक्यात एक शब्द निसटला. साधाच शब्द. पण पाठ केलेल्या गोष्टीचं असं असतं की एक कडी निखळली की पुढची साखळी हातात राहत नाही. मी परत पहिल्या वाक्यावर गेले. परत तिथेच अडकले. उरलेला वेळ माझ्या टेपवर नुसता श्वास असणार. तपासणाऱ्या बाईंची मला आजही दया येते.

बाहेर आले तेव्हा दिवस मावळायला लागला होता. भूक लागली होती. कुओपिओच्या चौकातच जुना काउप्पाहाल्ली आहे, छत असलेली मंडई म्हणा. बंद व्हायच्या बेतात होती. एका गाळ्यावर राईच्या पिठाच्या जाड पोळीत गुंडाळून भाजलेले मोठाले लाडूसारखे गोळे ठेवले होते. कालाकुक्को. मी विचारलं, यात डुकराचं मांस आहे का? "ओन्को तॅस्सॅ सिआनलिहाऽ?" बाई म्हणाल्या, आहे, मासेही आहेत, दोन्ही आहे, नाहीतर कालाकुक्को कसला! मी म्हटलं मासे खाते, ते दुसरं नको. मग त्यांनी विचारलं, कुठून आलीस? एस्पोहून. त्याआधी? भारतातून, साताऱ्याहून. तिथे काय भाकरी खाता? आता बाजरीला फिन्निशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, बारीक धान्य असतं, राखाडी, पक्ष्यांना घालतात तसं. बाई हातातला कागद खाली ठेवून हसायला लागल्या. "पक्ष्यांचं खाणं?" हो, मी म्हटलं, पण आम्ही त्यावर लोणी घालतो, पक्षी नाही घालत. "हिर्सी," त्या म्हणाल्या, "त्याला हिर्सी म्हणतात." आम्ही दहा-बारा मिनिटं बोलत होतो. त्या सावोच्या, म्हणजे कुओपिओकडच्या, बोलीत बोलत होत्या, आणि सावोच्या लोकांबद्दल इथे म्हण आहे की सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते. मला निम्मं कळलं नाही. पण थांबले मात्र कुठेच नाही. शेवटी भाताचं सारण असलेला कार्यालानपीराक्का घेऊन मी स्टेशनवर आले, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की 'सिआनलिहाऽ'ची विभक्ती मी विचार न करता बरोबर लावली होती.

दोन महिन्यांनी निकाल आला. वाचन 4, लेखन 3, ऐकणं 3 च्या खाली, बोलणं 3 च्या खाली.

इथे नियमाची एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. नागरिकत्वाला चारही भाग पास असावे लागत नाहीत. तीन जोड्या चालतात : बोलणं आणि लिहिणं, ऐकणं आणि लिहिणं, किंवा वाचणं आणि बोलणं. जोड्या पुन्हा वाचा. वाचणं आणि लिहिणं ही जोडी त्यात नाही. म्हणजे कागदावर कितीही पक्के असा, कान किंवा तोंड यांपैकी एक तरी उघडल्याशिवाय सुटका नाही. आपण सगळे कागदावर पक्के. बोर्डात आलेले, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत 'लास्ट मिनिट' घोकून सुटलेले. आणि आपल्या गटावर फिरतात त्या सगळ्या पीडीएफ त्याच कागदाच्या आहेत.

वाईट याचं वाटतं की ही भाषा मराठी माणसाला खरं तर जड नाही. पंधरा विभक्त्या म्हटलं की सगळे डोळे पांढरे करतात. पण 'स ला ते, स ला ना ते' घोकलेल्या माणसाने पंधराला का घाबरावं? आणि नुसती संख्या नाही, आतलं यंत्रही ओळखीचं आहे. आपण पाण्याला 'पाणीत' म्हणत नाही, 'पाण्यात' म्हणतो. प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो; शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायचे आणि आपण कंटाळायचो. फिन्निशमध्ये पाणी म्हणजे वेसी, आणि पाण्यात म्हणजे वेदेस्सॅ. रस्ता, रस्त्यावर, कातू, कादुल्ला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा जुलूम वाटतो, कारण त्याच्या भाषेत शब्द असा वाकत नाही. आपल्या जिभेला ते बाळपणापासून माहीत आहे, फक्त शिकवणीत कुणी आठवण करून देत नाही, कारण शिकवणी इंग्रजीतून चालते.

अजून एक. 'माझ्याकडे गाडी आहे' याला फिन्निश म्हणतात 'मिनुल्ला ओन आउतो'. शब्दाला शब्द : माझ्यापाशी आहे गाडी. जवळ असण्यासाठी इंग्रजी 'हॅव'सारखं वेगळं क्रियापद त्यांच्याकडेही नाही, आपल्याकडेही नाही. 'मला भूक लागली' हेही त्याच साच्यात, माझ्यापाशी भूक आहे. आणि नकार! मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. आपला 'नाही' माणसाप्रमाणे बदलतो. त्यांचाही बदलतो : एन, एत, एइ, एइवॅत. हे मला कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला, पण ते इथे कुणी हसलं नाही तरी होतं.

जड काय आहे तेही सांगते. पार्तितिईवी विभक्तीला आपल्याकडे जोड नाही. ती नियमाने येत नाही, ऐकून ऐकून येते. आणि ऱ्हस्व-दीर्घ. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो, बोलताना कोण पाळतं? इथे पाळावं लागतं. तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे जकात. आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली आहे, पेसुतुपा. तिथे खालच्या मजल्यावरच्या आजी मला नेहमी भेटत. एकदा निघताना 'उद्या भेटते' म्हणायला गेले आणि 'तापाऽन'मधला आ आखूड केला. तापान सिनुत हुओमेन्ना. म्हणजे उद्या तुम्हाला ठार मारते. आजींनी चादरीची घडी न सोडता सांगितलं, "उद्या नको, उद्या माझा धुण्याचा नंबर आहे."

त्या दिवसापासून माझी खरी तयारी सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. मंडईतल्या बाई एकदाच भेटल्या, आजी आठवड्याला भेटायच्या. मी मुद्दाम त्यांच्या वेळेला कपडे लावायला लागले. मग आमच्या मेट्रो स्टेशनला लागूनच असलेल्या इसो ओमेना मॉलमधल्या वाचनालयात किएलिकाहविलाला जायला लागले. भाषेचा कट्टा, फुकट, कॉफीसुद्धा बऱ्याचदा असते, आणि निवृत्त फिन्निश लोक तिथे येऊन बसतात ते आपल्याशी बोलायलाच. जवळपास प्रत्येक मोठ्या वाचनालयात असा कट्टा आहे. तिथे सोमालिया, इराण, युक्रेनमधले लोक मला रोज दिसायचे. मराठी माणूस दोन वर्षांत मी एकदा पाहिला, तोही प्रिंटर शोधत आला होता.

विल्मावरचे, म्हणजे शाळेच्या ॲपवरचे, मेसेज मी भाषांतराच्या ॲपमधून करणं बंद केलं. मुलाला ताप आहे, आज शाळेत येणार नाही. टोपी हरवली, निळी आहे. सहलीला डबा शाकाहारी हवा. दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं झालं. पण लेखनाच्या भागात दुसरं काय असतं हो? एक ओळखीच्या माणसाला पत्र, एक ऑफिसछाप विनंती किंवा तक्रार, एक मत. पहिली दोन आपण दर आठवड्याला जगतो आणि मशीनकडून लिहून घेतो. मग त्याच दोन गोष्टींच्या तयारीसाठी शिकवणीचे पैसे भरतो. ऐकण्यासाठी यूले या इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या सेल्कोसुओमीतल्या बातम्या, म्हणजे सोप्या फिन्निशमधल्या, रोज भांडी घासताना. पुढे पॅइवॅकोतीत, म्हणजे पाळणाघरात, बदली कामाला लागले. तीन वर्षांच्या मुलांइतका चांगला परीक्षक युवास्क्युलातही नसेल. ती दया दाखवत नाहीत. चुकलं की "एइ नोइन!" असं नव्हे! आणि पुस्तकातली भाषा त्यांना कळतच नाही. 'मिनॅ ओलेन' म्हटलं की बघत राहतात. 'मॅ ओन' म्हणावं लागतं. प्रमाणभाषा आणि बोली यांतलं अंतर आपल्याला काय नवीन आहे? साताऱ्यात 'मी येत आहे' असं मी कुणाला म्हटलं असतं तर लोकांनी डॉक्टर आणला असता.

दुसऱ्या खेपेला चारही भागांत पास झाले. बोलण्यात पुन्हा एक शब्द निसटला. बाजरीच्या वेळी घातला तसा त्याला वळसा घालून मी पुढे गेले.

आता कार्यकारिणीशी थेट बोलते. गेल्या वर्षी मी हा विषय सर्वसाधारण सभेत काढला होता. उत्तर मिळालं : मंडळ आपली संस्कृती जपायला आहे, भाषेचे क्लास हा ज्याचा त्याचा प्रश्न. सभा तिथेच चहाला उठली. मी तेव्हा गप्प बसले, आता बसत नाही.

आपलीच भाषा ऐका. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मुंबईत लोकलमध्ये आपण काय म्हणतो? इतकी वर्षं महाराष्ट्रात राहता आणि चार वाक्यं मराठी येत नाही? गटावर असे व्हिडिओ फिरतात तेव्हा अंगठे किती उठतात ते मी मोजलं आहे. आणि आपण? दहा-दहा वर्षं एस्पोत, मुलं इथे जन्मली, हप्ते इथे फेडतो, आणि डेंटिस्टकडे आपल्यासाठी दुभाष्या कोण, तर सात वर्षांचा मुलगा. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत आपण मुलांना सांगतो, भाषा बोलल्याने टिकते. पण मुलं बघतात काय? त्यांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

मला माहीत आहे, प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. कुणी परत जाणार आहे. कुणाला भारताचा पासपोर्ट सोडवत नाही, कारण भारत दोन नागरिकत्वं देत नाही, आणि त्या घालमेलीत मीही वर्षभर होते. कुणी म्हणतं स्वीडिश सोपी, तीही चालते. चालते खरी, पण मातिन्क्यूलाच्या बसस्टॉपवर तुमच्याशी स्वीडिशमध्ये कोण बोलणार आहे? हे सगळं मान्य. पण गटावरच्या ज्या बायका दर वेळी 'काय काय आलं' असं विचारतात, त्यांतल्या निम्म्या मला ओळखीच्या आहेत. एमएस्सी झालेल्या, बँकेत काम केलेल्या, एक तर चक्क वकील. त्यांना पीडीएफ नको आहे. त्यांना चूक करायला जागा हवी आहे, आणि त्या तासाभरात लेकराला सांभाळणारं कुणीतरी. पीडीएफ मागतात कारण आपण गटावर फक्त तीच देतो.

मंडळाकडे काय नाही? गणपतीच्या आधी दोन महिने दर शनिवारी शाळेचा हॉल आपल्याकडे असतो. ढोल-ताशाच्या सरावाला पंचवीस माणसं वेळेवर येतात, जे आपल्याकडे लग्नालाही येत नाहीत. त्याच हॉलमध्ये सरावाआधी एक तास. फी नाही, वही नाही, अपेक्षित नाही. फक्त फिन्निशमध्ये गप्पा, चुकत-माकत. आपापसात बोलून फार होत नाही हे मान्य, दोन मराठी माणसं फिन्निशमध्ये पाच मिनिटं बोलली की सहाव्या मिनिटाला 'अगं पण ऐक ना' सुरू होतंच. म्हणून बाहेरची माणसं बोलवायची. ती येतात. निवृत्त लोकांना वेळ असतो, आणि कॉफी आणि काहीतरी गोड मिळणार असेल तर इथला माणूस ताल्कोतला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या बिनपैशाच्या कामाला, कधी नाही म्हणत नाही. पुरुष मंडळींनी त्या तासात मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळावं. ढोल वाजवणाऱ्या हातांना ते अवघड जाऊ नये.

आणि दोन लहान गोष्टी. दर वर्षी विसर्जनाच्या आधी आपण शेजारच्या इमारतींत चिठ्ठी लावतो की अमुक दिवशी आवाज होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. ती दर वर्षी इंग्रजीत असते. यंदा फिन्निशमध्ये लिहू या, तिघी-चौघी बसून, मशीनशिवाय. चुका राहिल्या तर राहू देत. कुणी पेनने दुरुस्त केली तर मी ती चिठ्ठी फ्रेम करीन. दुसरं म्हणजे ते भावोजी. भावोजी, राग नसावा. तुमची तळमळ खरी आहे आणि तुमच्या पीडीएफची मांडणी शिकवणीवाल्यांपेक्षा चांगली असते. पण ते प्रश्न बाहेर फिरवणं नियमात बसत नाही, आणि त्याच्या जोरावर परीक्षेला बसणाऱ्या पोरीचं काय होतं ते मी वर लिहिलं आहे. त्याऐवजी तुम्ही नावनोंदणीची तारीख आणि सकाळी दहाची आठवण गटावर टाका. त्याची खरी गरज आहे. माझ्या दोन मैत्रिणी दहा वाजून वीस मिनिटांनी बसल्या आणि जागा मिळाली ती पार उत्तरेला.

येत्या शनिवारी ढोल तीनला सुरू होतात. मी दोनलाच येईन. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं आहे, त्या यायला तयार आहेत. सोबत एका मैत्रिणीलाही आणणार आहेत, ती कुओपिओकडची, तेव्हा जबाबदारी आपल्यावर. बटाटेवडे मी करते, तिखट कमी. कॉफीचं मोठं मशीन मंडळाच्या कपाटात आहे, पण कपाटाची आणि हॉलची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते मला कुणी सांगत नाही. तेवढं शुक्रवारपर्यंत कळवावं, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक सभासद,
मातिन्क्यूला, एस्पो